रान पड ठेवायला सरकारने पैसे द्यावेत का? (आयोवा, अमेरिका)

गवताळ_उतार:
मी दक्षिण आयोवात राहते. इथे उताराच्या रानांत जागोजागी मक्याऐवजी कमरेएवढं गवत दिसतं. ही 1985 च्या शेती कायद्यातली सीआरपी (कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम) योजना. रान 10 ते 15 वर्षं पिकाखालून काढायचं, गवत किंवा झाडं लावायची. सरकार दरवर्षी खंड देतं. गवताशी माझं भांडण नाही. पण आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन दुसराच कुणीतरी खंडाने कसतो. शेजारचा तरुण 80 एकर करायचा. मालकीणबाई शहरात असतात, त्यांनी ते सगळं सीआरपीत घातलं. पैसा त्यांना, आणि हा रानाविना. बियाणं, खत, डिझेल विकणाऱ्यांचंही गिऱ्हाईक गेलं. हे मला पटत नाही.

काळी_माती:
ताई, त्या मुलाचं वाईट वाटलं. पण सरकार बेसुमार घेत नाही. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, पीकजमिनीपैकी 25 टक्क्यांहून जास्त रान सर्वसाधारणपणे घेता येत नाही. 2018 च्या कायद्याने योजनेतल्या सर्वसाधारण नोंदणीत सरकारने द्यायचा दरही काउंटीच्या सरासरी खंडाच्या 85 टक्क्यांवर रोखला. 1930 च्या दशकात गवत मोडून नांगरलेली मैदानं धुळीत उडाली, हे तो देश विसरलेला नाही. वाहून गेलेली माती खंड भरून परत येत नाही.

गवताळ_उतार:
85 टक्के कमी वाटतात, पण त्यात ना पेरणी, ना गारपीट, ना भावाची धास्ती. शहरातल्या मालकाला तेवढे पुरतात. कसणाऱ्याने त्याहून किती जास्त खंड द्यायचा?

बांधावरून_सोलापूर:
माझा आक्षेप वेगळाच आहे. हे गवत टिकतं कुठे? 2007 मध्ये योजनेत सुमारे 3 कोटी 68 लाख एकर होते. इथेनॉलमुळे मक्याला भाव आला, करार संपले तशी रानं पुन्हा नांगराखाली गेली. दहा वर्षांच्या आत आकडा अडीच कोटींच्या खाली! इतकी वर्षं जनतेने खंड भरला आणि गवत एका हंगामात मोडलं. पैसे द्यायचेच तर ते रान पुन्हा नांगरू नये असा कायमचा हक्क विकत घ्या.

काळी_माती:
दादा, कायमचा हक्क म्हणजे पुढच्या पिढ्यांचेही हात बांधणं. तुम्ही स्वतःच्या रानावर असं लिहून द्याल का?

बांधावरून_सोलापूर:
ओढ्याकाठच्या दोन गुंठ्यांवर देईन. सगळ्यावर नाही.

गवताळ_उतार:
मीही तेच म्हणते, सगळ्यावर नको. प्रेअरी सिटीजवळच्या नील स्मिथ अभयारण्यात आयोवा स्टेट विद्यापीठाने प्रयोग केला. रानाच्या फक्त 10 टक्के भागात देशी गवताचे पट्टे घातले; वाहून जाणारी माती सुमारे 95 टक्क्यांनी घटली. 2018 च्या कायद्यामुळे असे पट्टेही सीआरपीत बसतात. आयोवाची राजधानी डी मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने शेतांतून नदीत येणाऱ्या नायट्रेटवरून 2015 मध्ये वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांवर दावा लावला होता, दोन वर्षांनी तो फेटाळला गेला. त्या पाण्यासाठीही पट्टेच हवेत. शेजारच्या 80 एकरांत ते घातले असते तर तो मुलगा आजही 72 एकर कसत असता.

काळी_माती:
ताई, त्या प्रयोगातला उतार साधारण 6 ते 10 टक्के होता. तुमच्या शेजारचं रान त्याहून चढाचं असेल तर तिथे 72 एकर मका मला धोक्याचाच वाटतो. उतार किती आहे ते सांगा, मग बोलू.