बंदूक रोखली, पण झाडली नाही : पोलिसांना कळवावे की गप्प बसावे?

नंदगडचा शेतकरी :
गेल्या आठवड्यात आमच्या विहिरीवर रात्री पंपाची केबल कापणाऱ्या तिघांपैकी एक जण कोयता उगारून माझ्या भावावर धावून आला, तेव्हा भावाने पीक राखण्यासाठी परवाना काढलेली बारा बोअर रोखली आणि तिघेही पळाले. गोळी सुटली नाही, म्हणून विषय मिटला, असे भाऊ म्हणतो. मला ते मुळीच पटत नाही. नळी खाली करून, काडतुसे काढून, त्यांचा पाठलाग न करता त्याच रात्री ११२ वर कळवायला हवे होते. कारण आम्ही वाटेने जाताना याने बंदूक दाखवून धमकावले, असे त्यांनी आधी ठाण्यात सांगितले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ प्रमाणे आरोपी भाऊच ठरेल.

जांबोटीचे वाचक :
आपण कळवले आणि बंदूक जप्त झाली किंवा परवाना निलंबित झाला, तर गवे आणि डुकरे भातात शिरतात त्या दिवसांत पीक कोणी राखायचे? निवडणुकीत बंदूक जमा केल्यावर त्या रात्री कशा काढाव्या लागतात, हे मी भोगले आहे. शिवाय इथे कर्नाटकात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते. माझ्या चुलत्यांनी अशाच एका कागदावर सही केली आणि त्यात कोयत्याचा उल्लेखच नव्हता, हे त्यांना कोर्टात कळले. आपल्या भावाने गप्प बसावे, हेच बरे.

बेळगावातील वकील :
चुलत्यांचा अनुभव गंभीर आहे, पण त्यावर गप्प बसणे हा उपाय नव्हे. फिर्याद मराठीत, स्वतःच्या हाताने लिहून द्यावी. तोंडी दिली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे ती वाचून दाखवणे आणि तिची प्रत मोफत देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. समजेल अशा भाषेत ऐकल्याशिवाय सही करू नये. लिहिताना क्रम चुकवू नये : कोयता किती पावलांवर होता, मागे सरायला जागा होती का, बंदूक कधी खाली केली. नुसत्या केबलसाठी बंदूक रोखली असे वाचणाऱ्याला वाटले, तर बाजू लंगडी पडते, कारण न्याय संहितेचे कलम ३७ स्वसंरक्षणातही गरजेपेक्षा अधिक बळाला संरक्षण देत नाही. खटला उभा राहिलाच, तर स्वसंरक्षण दाखवण्याचा भार आरोपीवरच असतो, म्हणून कापलेली केबल आहे तशीच ठेवावी.

जांबोटीचे वाचक :
कायदा मान्य आहे. तरीही बंदूक किती दिवसांत परत मिळेल, याचे उत्तर आपण दिले नाही.

नंदगडचा शेतकरी :
केबल भावाने दुसऱ्याच दिवशी जोडली, पण कापलेला हातभर तुकडा गोठ्यात आहे. उशीर का झाला तेही लिहून उद्या सकाळी आम्ही दोघे तो घेऊन ठाण्यात जाणार आहोत.