दुकानाने दिलेली लॅपटॉपची वाढीव वॉरंटी ‘खाऱ्या हवेचा गंज’ म्हणून नाकारता येते का?

रेडीकिनारा

सर्वांना नमस्कार. मी वेंगुर्ल्यात राहते आणि घरूनच काही काजू कारखानदारांची व छोट्या व्यापाऱ्यांची हिशेबाची कामे करते. मे 2024 मध्ये कोल्हापूरच्या एका दुकानातून मी 58,500 रुपयांना लॅपटॉप घेतला. कंपनीची वॉरंटी एका वर्षाची होती. त्यापुढची दोन वर्षे दुकान स्वतः वॉरंटी देईल, असे सांगून दुकानदाराने 3,200 रुपये वेगळे घेतले. त्या रकमेची बिलात स्वतंत्र ओळ आहे आणि दुकानाचा शिक्का मारलेले एक कार्डही माझ्याकडे आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये लॅपटॉप बंद पडला. चार्जर लावल्यावर बाजूचा दिवा लागतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. भर पावसात आंबोली घाट चढून तो कोल्हापूरला नेऊन दिला. पुढे दुकानातून फोन आला की मदरबोर्डवर गंज आहे, आत पाणी गेलेले आहे, त्यामुळे हे काम वॉरंटीत बसत नाही आणि बोर्ड बदलायचा असल्यास 24,000 रुपये लागतील. लॅपटॉपवर पाण्याचा थेंबही सांडलेला नाही, हे मी ठामपणे सांगितल्यावर सूर बदलला. ‘पाणी नसेल तर खारी हवा असेल, कोकणातल्या मशीनचे असेच होते,’ असे उत्तर मिळाले. कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत ‘पाणी, आग, वीज व नैसर्गिक कारणांमुळे झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही’ असे छापलेले आहे आणि आता त्याच ओळीवर बोट ठेवले जात आहे.

लेखी कारण मागितले तर व्हॉट्सॲपवर एक अंधूक फोटो आला. त्यात हिरवट डाग दिसतो, पण तो माझ्याच लॅपटॉपचा बोर्ड आहे की आणखी कोणाचा, हे कळायला मार्ग नाही. बिलाच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘सर्व वाद कोल्हापूर न्यायक्षेत्रात’ अशी दोन वाक्ये आहेत. लॅपटॉप अजून दुकानातच आहे.

समुद्राकाठच्या हवेला ‘पाणी गेले’ म्हणता येते का, आणि तक्रार करायची झाल्यास ती कोल्हापुरातच करावी लागेल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. शेजारी सांगतात की आधी कुडाळला दुरुस्त करून घ्या, पैशांचे मग बघता येईल. त्याबद्दलही आपले मत सांगावे.

सोल्डरवाला

ताई, मी रत्नागिरीत बोर्ड दुरुस्तीचे काम करतो, म्हणून तांत्रिक बाजूपुरतेच लिहितो.

खारी हवा बोर्ड खराब करू शकते, हे खरे आहे. आपल्या पट्टीत पावसाळ्यात हवेतील आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास जाते आणि त्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. मीठ स्वतः ओलावा धरून ठेवते, त्यामुळे धातूवर एक पातळ ओलसर थर राहतो आणि गंज सुरू होतो. परंतु हवेचा गंज आणि सांडलेल्या द्रवाचा गंज वेगवेगळे दिसतात आणि ज्याने दहा-वीस बोर्ड उघडून पाहिले आहेत त्याला तो फरक ओळखता येतो. हवेचा गंज जिथे धातू उघडा असतो तिथे सर्वत्र थोडाथोडा दिसतो: यूएसबी आणि एचडीएमआयच्या पोर्टची कडा निस्तेज होते, तळाच्या स्क्रूंना तांबूस छटा येते, पंख्याजवळच्या भागावर पांढरट पूड धरते. द्रव सांडला असेल तर डाग एका जागी असतो, त्याला वाळलेल्या थेंबासारखी कडा असते, बहुतेक वेळा तो कीबोर्डच्या खाली सापडतो आणि ज्या वाटेने वीज सतत वाहते तिथे तांबे हिरवे-निळे झालेले असते. चहा किंवा सरबत असेल तर चिकट साका राहतो.

याशिवाय, बऱ्याच लॅपटॉपमध्ये द्रव लागल्यास रंग बदलणारे छोटे पांढरे स्टिकर बसवलेले असतात. द्रव लागला की ते लाल किंवा गुलाबी होतात. आपल्या मॉडेलमध्ये ते असतील तर त्यांचा जवळून घेतलेला फोटो मागा. तसेच कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या तांत्रिक माहितीत वापरासाठी चालणारी आर्द्रता दिलेली असते. अनेक कंपन्या ती 10 ते 90 टक्के अशी देतात, मात्र बाष्पाचे थेंब होऊ नयेत, अशी अट असते. ते पान आजच छापून ठेवा. ज्या हवेत मशीन चालेल असे ती बनवणारी कंपनीच सांगते, त्या हवेला विकणाऱ्याने नुकसानीचे कारण म्हणणे मला तरी पटत नाही.

24,000 रुपयांचा आकडा पूर्ण बोर्ड बदलण्याचा आहे. दिवा लागतो आणि चित्र येत नाही, हा दोष पुष्कळदा एखाद्या सुट्या भागात किंवा रॅमच्या खाचेतील खराब संपर्कात असतो आणि तेवढ्याच दुरुस्तीला त्यापेक्षा बरेच कमी पैसे लागतात. म्हणून त्यांनी नेमके काय तपासले, हे विचारा. आणि वाद मिटेपर्यंत कुडाळला किंवा माझ्यासारख्या कोणाकडेही मशीन उघडू देऊ नका. एकदा आम्ही ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बोर्ड स्वच्छ केला की गंज कोणता होता, हे पुन्हा कोणालाच सांगता येणार नाही.

घाटमाथा

मी काही वर्षे अशाच एका दुकानाच्या काउंटरवर होतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. कंपनीची वॉरंटी असते तेव्हा सुट्या भागाचा खर्च कंपनी करते, दुकानदार केवळ मधला माणूस असतो आणि त्याला नाही म्हणण्याचे कारण नसते. दुकानाच्या वाढीव वॉरंटीत मात्र प्रत्येक बोर्ड दुकानदाराच्या खिशातून जातो. ग्राहकांपैकी थोड्यांचेच मशीन बिघडेल, या हिशेबावर ते 3,200 रुपये घेतलेले असतात आणि हिशेब चुकला की कार्डाची मागची बाजू वाचली जाते. आंबा-काजूच्या हंगामानंतर किनाऱ्यावरचे पुष्कळ ग्राहक कोल्हापूरला खरेदीला येतात आणि बिलावर वेंगुर्ले, मालवण, देवगड असे पत्ते दुकानदार स्वतःच्या हाताने लिहितो. हवा खारी आहे, हे त्याला वॉरंटी विकतानाही ठाऊक होतेच.

तरीही एक गोष्ट तपासून पाहा. काही दुकाने वाढीव वॉरंटी एखाद्या तिसऱ्याच कंपनीची विकतात आणि शिक्का फक्त स्वतःचा मारतात. कार्डावर दुसऱ्या कंपनीचे नाव असेल तर दावा तिच्याकडेही नोंदवावा लागतो. केवळ दुकानाचेच नाव असेल तर जबाबदारी सरळ दुकानाची आहे.

माझ्या अनुभवात लेखी पत्र गेले की पुष्कळ दुकानदार अर्ध्यावर येतात. ‘बोर्डचे पैसे आम्ही घालतो, मजुरी तुम्ही द्या’ असा प्रस्ताव आला तर तो लगेच झिडकारू नये, असे मला वाटते. मात्र बसवलेला बोर्ड नवा आहे की जुना दुरुस्त केलेला आणि त्यावर किती महिन्यांची हमी आहे, हे लिहून घ्यावे.

ओरोसकर

मी वकिली करतो आणि ग्राहक आयोगात अशी प्रकरणे चालवलेली आहेत. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, फक्त तडजोडीच्या बाबतीत थोडा मतभेद आहे: मजुरी देण्याचा प्रस्ताव पत्र पाठवल्यानंतर आणि लेखी आला तरच विचारात घ्यावा.

अधिकारक्षेत्राची चिंता सोडा. 1986 च्या जुन्या कायद्यात तक्रार बहुधा दुकानाच्या जिल्ह्यात किंवा जिथे वादाचे कारण घडले तिथे करावी लागत असे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. आपला जिल्हा आयोग सिंधुदुर्गनगरीत, म्हणजे ओरोसला आहे. बिलावर एकतर्फी छापलेली ‘कोल्हापूर न्यायक्षेत्र’ ही ओळ कायद्याने दिलेला हा हक्क काढून घेऊ शकत नाही. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील देणे बंधनकारक नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, त्यामुळे घाई नाही, पण पुरावा शिळा होण्याआधी हालचाल करावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लॅपटॉप वॉरंटीच्या काळात बंद पडला, एवढे आपण दाखवायचे आहे आणि ते बिल, कार्ड व दुकानात जमा केल्याच्या पावतीवरून दिसते. त्यानंतर ‘हे अपवादात बसते’ असे म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याचे ओझे दुकानदारावर येते, कारण अपवादाचा आधार तो घेत आहे. त्याने आधी पाणी म्हटले, मग खारी हवा म्हटले. कारण असे बदलणे हीच आपली सर्वांत बळकट बाजू आहे आणि ती कागदावर आली पाहिजे. ‘नैसर्गिक कारणे’ या मोघम शब्दांत वेंगुर्ल्याची रोजची हवा बसते की पूर आणि वादळ, असा प्रश्न उभा राहिला तर संदिग्ध अटीचा अर्थ ती अट लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावला जातो. शिवाय बिलावर पत्ता वेंगुर्ल्याचा असताना त्याने वॉरंटीचे पैसे घेतलेले आहेत.

म्हणून प्रथम स्पीड पोस्टाने एक पत्र पाठवा आणि तेच ईमेलनेही पाठवा. त्यात मशीनचा सिरीयल नंबर, जमा केल्याची तारीख आणि फोनवर सांगितलेली दोन्ही कारणे लिहा. पंधरा दिवसांत सही-शिक्क्यासह जॉबशीट, तपासणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव आणि सिरीयल नंबर दिसेल असे बोर्डचे स्पष्ट फोटो मागा, अन्यथा मोफत दुरुस्ती करून द्यावी, असे सांगा. त्यासोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण दुकानापर्यंत निरोप पोहोचवते आणि तक्रारीचा क्रमांक पुढे जोडता येतो. मशीन परत घेण्याची वेळ आली तर ‘दुरुस्ती न करता परत’ असे लिहिलेली पावती घ्या आणि काउंटरवरच मशीनचे चित्रीकरण करा. फोनवर जे बोलणे झाले ते त्याच दिवशी संदेशातून त्यांना लिहून पाठवण्याची सवय ठेवा. पुढे ते नाकारणे कठीण जाते.

दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर कलम 38 खाली आयोग वस्तू मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क बहुधा आधी तक्रारदाराला भरावे लागते. सोल्डरवाला यांनी मशीन उघडू नका म्हटले, त्याचे कायदेशीर कारण हेच आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीलाही घाबरू नका. बिलात ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे ही कायद्यानेच अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. ते दिवस आपल्या बाबतीत उलटून गेलेले असले तरी वॉरंटीखाली दुरुस्ती मागण्याचा हक्क वेगळा असून तो या ओळीने बुडत नाही.

रेडीकिनारा

सर्वांचे मनापासून आभार. कार्ड पुन्हा वाचले. त्यावर फक्त दुकानाचे नाव आहे. एक शंका मात्र राहिली. मी बिल माझ्या व्यवसायाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांक घालून घेतले होते. दुकानदार म्हणतो की मी ‘व्यावसायिक ग्राहक’ असल्याने ग्राहक आयोगात जाऊच शकत नाही. तसेच, कंपनीलाही तक्रारीत ओढावे का?

ओरोसकर

हा आक्षेप तो नक्की घेईल, म्हणून तक्रारीतच त्याला उत्तर देऊन ठेवा. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ नाही, हे बरोबर आहे. परंतु 2019 च्या कायद्यातील व्याख्येच्या स्पष्टीकरणानुसार, जी व्यक्ती स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी वस्तू विकत घेऊन वापरते, तिचा वापर व्यापारी हेतूचा मानला जात नाही. हाच विचार सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या 1995 च्या निकालात सविस्तर मांडलेला आहे. आपण एकट्याने, स्वतःच्या हाताने, घरून काम करता आणि त्यावर घर चालते, हे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा. हाताखाली माणसे ठेवून कार्यालय चालवत असता तर उत्तर अवघड झाले असते. जीएसटी क्रमांकामुळे हक्क आपोआप जात नाही, मात्र बिलावरील 18 टक्के कराची वजावट घेतलेली असेल तर ती लपवू नका; उलटतपासणीत ते बाहेर आल्यास विश्वासार्हतेला धक्का लागतो.

कंपनीची वॉरंटी संपलेली आहे आणि वाद दुकानाच्या स्वतःच्या वचनाचा आहे, त्यामुळे कंपनीला प्रतिपक्ष करण्याची गरज मला दिसत नाही. एक पक्ष वाढला की नोटीस बजावणे, उत्तर, वकीलपत्र अशा तारखा वाढतात. कायद्यात तपासणी नको असलेल्या प्रकरणासाठी तीन महिने आणि तपासणी लागल्यास पाच महिने सांगितले असले तरी प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, हे गृहीत धरून चाला. दुकानाने लेखी उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची असते आणि ती फार तर आणखी पंधरा दिवस वाढवून मिळते.

मागणीत मोफत दुरुस्ती, ती शक्य नसल्यास तशाच प्रकारचे दुसरे मशीन किंवा किमतीचा परतावा, प्रवास व टपालाचा खर्च आणि काम बुडाल्याची माफक भरपाई एवढेच ठेवा. लाखांच्या भरपाईची मागणी घातली की मूळ दाव्याकडेही साशंकतेने पाहिले जाते. व्हॉट्सॲपचे संदेश छापून जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र सोबत द्या आणि ज्या फोनवर ते आले तो फोन निकाल लागेपर्यंत बदलू किंवा विकू नका.

सोल्डरवाला

एक राहिले, ताई. पत्र पाठवण्याआधी खोक्यावरचा सिरीयल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवून पाहा. बिलात एखादा अंक चुकलेला असला तर दुकान तेवढ्यावरच ‘हे मशीन आमचे नाही’ म्हणून मोकळे होते. दुकानात जमा केल्याची पावती आहे, तिच्यावरही तोच नंबर आहे ना, तेवढे बघून घ्या.