थिरकवाखाँसाहेबांची नाटक मंडळीतील वर्षे: कमाई की नुकसान?

तिहाई_चुकली:
गेली सहा वर्षे मी तबला शिकत आहे आणि सध्या उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्या स्वतंत्र वादनाची ध्वनिमुद्रणे ऐकत आहे. त्यांच्या आयुष्याचे मुख्य टप्पे मला ठाऊक आहेत: मुरादाबादचा जन्म, मुंबईत उस्ताद मुनीर खाँ यांची तालीम, बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीतील साथ, पुढे रामपूर दरबार आणि त्यानंतर लखनौचे भातखंडे संगीत महाविद्यालय. माझी शंका नाटक मंडळीविषयी आहे. ज्यांच्यापाशी दिल्ली आणि फरुखाबाद बाजाचे (वादनशैलींचे) एवढे भांडार होते, त्यांनी ऐन उमेदीची वर्षे नाट्यपदांना ठेका (तालाचे ठरलेले मूळ बोल) धरण्यात घालवली, हे नुकसान नव्हे काय? आमच्या वर्गात तर नाटकात वाजवून हात बिघडतो, असे सरळ सांगितले जाते.

जुना_साथीदार:
आपल्या प्रश्नात नाट्यपद म्हणजे हलके काम, असे गृहीत धरले आहे आणि तेथेच माझा मतभेद आहे. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या होत्या. त्यांतील बऱ्याचशा रागदारीतील बंदिशींवर बेतलेल्या आहेत. बालगंधर्व मध्यलयीत गात, एकच ओळ निरनिराळ्या अंगांनी फुलवत आणि अलगद समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येत. अशा गाण्यामागे ठेका धरणे म्हणजे नुसती आवर्तने (तालाचे फेरे) मोजणे नव्हे. गायक शब्दावर रेंगाळला की बोलांमधली जागा किंचित मोकळी ठेवायची, मुखडा उचलताच डग्ग्याचा घुमारा वाढवायचा आणि लग्गीसाठी (ठेक्याच्या जागी वाजवायच्या जलद बोलांसाठी) दोन आवर्तने मिळाली तर त्यांतच काय ते सांगून, समेआधी पुन्हा ठेक्यावर यायचे. मी स्वतः चाळीसेक वर्षे साथ केली आहे. तासभर कायदे (एकाच बोलरचनेचे नियमबद्ध विस्तार) वाजवण्यापेक्षा ही दोन आवर्तने मला नेहमी अवघड वाटली.

चाट_आणि_शाई:
साथीच्या अवघडपणाविषयी वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. परंतु हात बिघडण्याची भीती अगदीच निराधार नाही. ध्वनिवर्धक नसलेल्या भरल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत तबला पोहोचवायचा, तर हात जड होण्याचा धोका असतोच आणि रोज त्याच त्या लग्ग्या वाजवल्या की बोटे आळशी होतात. खाँसाहेबांचे तसे झाले नाही, याचे श्रेय मी नाटकाला न देता मुनीर खाँच्या तालमीला देईन, कारण मंडळीत येण्यापूर्वीच त्यांचा हात घडलेला होता. लहानपणीच त्यांची बोटे तबल्यावर थिरकतात म्हणून 'थिरकवा' हे नाव पडले, असे सांगतात.

आपण त्यांचा 'धा धा तिरकिट धा धा तू ना' हा दिल्लीचा कायदा ऐकला असेल. त्यातील 'तिरकिट' मुद्दाम हळू लयीत वाजवून पाहा. आमचे गुरुजी हा बोल शिकवताना मनगटावर तळहात ठेवून बसत आणि मनगट हलले की पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावत. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) 'ना' टोकदार आणि शाईवरचे (मधल्या काळ्या भागावरचे) 'तिरकिट' स्वच्छ, तरी दोन्हींचे वजन सारखे राहायला हवे. हा तोल ठेका धरून येत नाही, त्यासाठी एकांतातला रियाजच लागतो.

जुना_साथीदार:
तालमीचे श्रेय मला मान्यच आहे. मात्र एक बाजू राहून गेली. खाँसाहेबांचा मुंबईशी आणि नाटक मंडळीशी असा दीर्घ संबंध आला नसता, तर त्यांची विद्या महाराष्ट्रात एवढी रुजली असती का? जगन्नाथबुवा पुरोहित, लालजी गोखले, निखिल घोष, भाई गायतोंडे ही सगळी त्यांच्याकडे शिकलेली मंडळी आहेत. यांतले जगन्नाथबुवा तर पुढे गायक आणि बंदिशकार म्हणूनच अधिक ओळखले गेले. दरबारात बसलेल्या उस्तादाची विद्या बहुधा मोजक्या कानांपुरती राहिली असती. येथे तिकीट काढून आलेला साधा नाट्यरसिकही तबल्याकडे कान देऊ लागला. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७६ च्या जानेवारीत लखनौला त्यांचे निधन झाले. तरी इकडच्या जुन्या श्रोत्यांच्या बोलण्यात 'आमचे खाँसाहेब' हाच उल्लेख ऐकू येत असे.

तिहाई_चुकली:
दोघांचेही आभार. काल रात्री त्यांचा पेशकार (स्वतंत्र वादनाची संथ सुरुवात) पुन्हा लावला आणि या वेळी बोल न मोजता केवळ मधल्या मोकळ्या जागा ऐकल्या. घाई कोठेच नाही; काही ठिकाणी तर समोर कोणी गात असावे आणि त्याचा शब्द पुरा होण्याची ते वाट पाहत असावेत, असा भास झाला. नुकसान हा शब्द मी मागे घेतो. 'तिरकिट' मात्र अजून मनगटातूनच येत आहे.