‘मीटीव्ही’वर टॉम अँड जेरी लागलंय (ग्रुप: आपलं गोकुळ)

दादा: ऐका ऐका. केबल काढून टाकली शेवटी, खिडकीला अँटेना चिकटवला, चॅनल स्कॅन मारला आणि त्यात एक चॅनल सापडलं मीटीव्ही टून्स म्हणून, चोवीस तास नुसती जुनी कार्टून. जुनी म्हणजे आपली जुनी, टॉम अँड जेरी, बग्ज बनी, अश्मयुगातले फ्लिंटस्टोन्स, जेटसन्स, स्कूबी. सकाळपासून एक मेल उघडलेला नाही मी

आत्या: मी टीव्ही?? तू कधीपासून टीव्ही झालास

दादा: हाहा अगं नाव आहे ते. मेमोरेबल एंटरटेनमेंटचं मी

आत्या: मग बरोबर आहे, लहानपणी तुझं तेच होतं, मी आणि टीव्ही

ताई: आणि रिमोट पण मी

काका: फोटोत टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतायत. पॅनल गेलंय. दाखवून घे.

दादा: काका पॅनल ठीक आहे हो. ही कार्टून चौकोनी पडद्यासाठी बनलेली, आताचे टीव्ही आडवे, म्हणून कडेला जागा उरते. झूम करून भरता येते पण मग टॉम आडवा पसरतो, हत्ती वाटायला लागतो. असू देत पट्टे

काका: ओके. 👍

मी: फुकट आहे का दादा? अमेरिकेत काही फुकट असतं हेच आधी ऐकलं नव्हतं

दादा: पूर्ण फुकट, जाहिराती मात्र भरपूर. त्याचं कारण पण मजेशीर आहे. इकडे २००९ मध्ये ॲनालॉग बंद होऊन सगळं डिजिटल झालं ना, तेव्हा एका स्टेशनला आधी ज्या जागेत एक चॅनल बसायचं तिथे चार-पाच बसायला लागले. आता एवढ्या चॅनलवर दाखवायचं काय, नवीन बनवायला पैसा कोण देणार, मग जुन्या मालिका, जुने वेस्टर्न, जुनं सगळं बाहेर काढलं. मीटीव्ही शिकागोच्या वायगल नावाच्या कंपनीचं, आणि हे कार्टूनवालं त्यांनी वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीबरोबर जून २०२४ मध्ये सुरू केलं. त्याआधी २०२१ पासून मूळ मीटीव्हीवर सकाळी एक कार्यक्रम होता, बिल लेफ म्हणून एक माणूस आणि त्याच्यासोबत एक बोलका मासा, बाहुला हां, दोघं मध्ये मध्ये फालतू विनोद करतात आणि कार्टून लावतात. तो चालला म्हणून मग हे आख्खं चॅनल

ताई: मासा??

दादा: टूना. नाव टूनी

ताई: बरं

बंटी: दादा तिकडे टॉम अँड जेरी लागलं की सुरुवातीची पाटी बघ. हॅना-बार्बेराची आहेत की जीन डाइचची की चक जोन्सची. फार फरक आहे

आत्या: आता याचा क्लास सुरू

बंटी: आत्या ऐक ना, खरंच इंटरेस्टिंग आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी एमजीएम स्टुडिओत १९४० ते १९५८ मधली ११४ केली, आपल्या डोक्यात जे टॉम अँड जेरी आहे ते हेच. सात ऑस्कर मिळाले त्यांना. मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला १३ बनली थेट प्रागमध्ये, जीन डाइचने केली. ती बघताना लहानपणी आपल्याला विचित्र वाटायचं आठवतंय का, आवाज टणाटण घुमणारे, टॉमचा मालक जाडा आणि भयंकर चिडका, सगळं जरा स्वप्नात घडल्यासारखं. आणि नंतर चक जोन्सची ३४, त्यात टॉमच्या भुवया जाड होतात

मी: हो!! ती विचित्रवाली!! मला वाटायचं ताप आल्यामुळे तसं दिसतंय

ताई: सेम. मी ती लागली की आत जायचे

दादा: आज सकाळी त्यातलंच एक लागलं होतं, पोरगी म्हणाली बाबा ह्याला बरं नाहीये का

काका: टॉमचं पहिलं नाव जॅस्पर होतं. जनरल नॉलेज.

बंटी: वा काका! बरोबर आहे. १९४० च्या पहिल्या कार्टूनमध्ये मांजराचं नाव जॅस्पर. नंतर स्टुडिओत नावांसाठी चिठ्ठ्या मागवल्या, तिथल्याच एका ॲनिमेटरने टॉम-जेरी सुचवलं आणि त्याला ५० डॉलर बक्षीस मिळालं

आत्या: बस ५०? आणि त्यांनी त्यावर किती कमावले

काका: फॉरवर्डेड: बग्ज बनीला आवाज देणाऱ्या मेल ब्लँक यांना गाजराची ॲलर्जी होती. तरी ते रोज गाजर खात. याला म्हणतात कामावरची निष्ठा. 🙏

बंटी: काका तेवढं खोटं आहे. ॲलर्जी नव्हती. गाजर चावताना बोलता येत नाही म्हणून आवाज रेकॉर्ड केला की तोंडातलं थुंकून टाकायचा, एवढंच. त्यावरून कोणीतरी ॲलर्जी लावली आणि ते फिरतंय

काका: मला दोन ग्रुपवर आलंय.

दादा: पण त्याची खरी गोष्ट या फॉरवर्डपेक्षा भारी आहे काका. १९६१ मध्ये मोठा कार अपघात झाला त्याचा, कोमात गेला, दोन आठवडे कशालाच उत्तर देईना. एक दिवस डॉक्टरांनी विचारलं, बग्ज बनी आज कसं वाटतंय? आणि हा बग्जच्या आवाजात बोलला. तेव्हा फ्लिंटस्टोन्समधला बार्नी तोच करत होता, तर नंतर माइक वगैरे घेऊन सगळे त्याच्या पलंगापाशी, प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या त्याने एपिसोड रेकॉर्ड केले

आत्या: अरे देवा. अंगावर काटा आला

काका: हे पाठव मला नीट टाइप करून. पुढे पाठवतो.

वहिनी: सगळ्यांना नमस्कार, मी फक्त एवढंच सांगायला आले की यांनी दोन तासांत तिसऱ्यांदा मला स्वयंपाकघरातून बोलावून आणून टॉम पियानो वाजवतो ते दाखवलं. रेकॉर्ड करून ठेवलंय

दादा: कारण ती दोन वेळा अर्ध्यातून उठून गेली!! ते अर्धवट बघायचं नसतं. बोटं बघा टॉमची, लिस्ट नावाच्या संगीतकाराची रॅप्सडी आहे ती आणि बोटं खरी त्या त्या सुरावर पडतात

बंटी: आणि त्याच सुमाराला वॉर्नरने बग्ज बनीला पियानोवर बसवून हीच रॅप्सडी वाजवलेलं कार्टून काढलं होतं. दोन्ही स्टुडिओ एकमेकांना म्हणाले तुम्ही चोरलं. ऑस्कर टॉमला गेलं

ताई: पण मला एक सांगा, हे नॉस्टॅल्जिया सोडून बोलायचं तर, खरंच ती चांगली होती का आपण लहान होतो म्हणून वाटतं? कारण मी मध्ये फ्लिंटस्टोन्स लावलं घरी आणि खरं सांगते बोअर झालं. फ्रेड पळतो आणि मागे तीच खिडकी तेच झाड तीच खिडकी तेच झाड

बंटी: ताई तू अगदी बरोबर जागी बोट ठेवलंस. थांब लिहितो

आत्या: चहा ठेवते तोवर

बंटी: टॉम अँड जेरी, बग्ज बनी, पोपाय, ही टीव्हीसाठी नव्हतीच. थिएटरमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायची, समोर मोठी माणसं बसलेली, सात मिनिटांचं एक. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सात मिनिटांच्या दहा हजार फ्रेम झाल्या, एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी एकेका पात्राची पाच हजार चित्रं, हाताने. वर अख्खा ऑर्केस्ट्रा, स्कॉट ब्रॅडली नावाचा संगीतकार टॉमच्या एकेका पावलाला सूर लिहायचा. आणि टॉमची ती किंकाळी माहितीये ना, ती स्वतः हॅनाची. मग १९५७ ला एमजीएमने हिशोब केला की जुनीच कार्टून परत थिएटरला लावली तरी जवळपास तेवढेच पैसे येतायत, मग नवीन कशाला करायची, आणि विभागच बंद केला. सात ऑस्करवाले दोघं घरी

मी: काय सांगतो

बंटी: हो. मग दोघांनी स्वतःची कंपनी काढली, टीव्हीसाठी. आणि टीव्हीवाले देणार पाच मिनिटांमागे साधारण ३००० डॉलर, एमजीएममध्ये एकेका कार्टूनला चाळीस-पन्नास हजार लागायचे. त्यात काय बनणार! मग युक्त्या सुरू. अंग तसंच ठेवायचं, फक्त तोंड हलवायचं. पळताना मागचं चित्र परत परत फिरवायचं, तेच ताईचं झाड. कोणी कुठे आदळला तर आदळलेलं दाखवायचंच नाही, कॅमेरा हलवायचा आणि धाडकन आवाज. आणि सगळ्यात भारी म्हणजे टाय. योगी अस्वल, हकलबेरी हाउंड, फ्रेड, सगळ्यांच्या गळ्यात टाय नाहीतर कॉलर असते बघा. कारण डोकं वेगळ्या सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, आणि धड वेगळ्या, मधला जोड झाकायला गळ्यात काहीतरी पाहिजे

ताई: थांब. म्हणजे अस्वलाला टाय यासाठी??

बंटी: यासाठी

ताई: माझं अख्खं बालपण मला वाटत होतं तो ऑफिसला जातो

आत्या: स्कूबीचा पट्टा पण?

दादा: तो तर कुत्राच आहे आत्या, त्याला पट्टा असणारच

बंटी: पण सोय तीच झाली

मी: पण मला यात गंमत वेगळीच वाटतेय. म्हणजे जुनंच परत दाखवलं तरी पैसे येतात या हिशोबाने त्यांची नोकरी गेली, आणि आज दादा ज्या चॅनलसमोर मेल न उघडता बसलाय ते चॅनल नेमकं त्याच हिशोबावर चाललंय

दादा: माझी पण जाईल असंच चाललं तर

वहिनी: 🙄

आत्या: मला आपलं फ्लिंटस्टोन्स आवडायचं. घरगुती होतं. मुलांना दाखवायला बरं, मारामारी नाही

दादा: आत्या ते मुलांसाठी नव्हतंच गं. १९६० मध्ये एबीसी चॅनलवर रात्री लागायचं, मोठ्यांच्या वेळेला. सुरुवातीच्या सीझनला स्पॉन्सर कोण तर विन्स्टन सिगारेट. फ्रेड आणि बार्नी घरामागे उभे राहून सिगारेट ओढतायत अशी जाहिरात आहे, खरीखुरी

आत्या: काय??? फ्रेड?

काका: शी.

आत्या: बायका काम करतात आणि हे मागे जाऊन सिगारेट. अगदी खरं दाखवलंय म्हणायचं

ताई: हाहाहा आत्या

काका: आत्या हे मला उद्देशून आहे का.

आत्या: ज्याला लागलं त्याला

ताई: विषय निघालाय तर एक गंभीर विचारू? दादा, टॉम अँड जेरीमधली ती घर सांभाळणारी बाई, जिचे फक्त पाय दिसायचे, ती दाखवतात का तिकडे अजून? कारण आपल्याला तेव्हा काही कळायचं नाही पण ते कृष्णवर्णीय मोलकरणीचं थट्टेचं चित्र होतं. आणि स्फोट झाला की टॉमचं तोंड काळं करून ओठ जाड करायचे, ते पण तेच

दादा: हो गं. मी पण परवा पोरीबरोबर बघताना दचकलो तसं काही आलं तेव्हा. आवाज तर लिलियन रँडॉल्फ नावाच्या खूप चांगल्या नटीचा होता. साठच्या दशकात टीव्हीसाठी तिच्या जागी काही कार्टूनमध्ये गोरे पाय रंगवून आयरिश ढंगात बोलणारी बाई घातली, म्हणजे थट्टा तशीच ठेवून माणूस बदलला

ताई: ते तर अजून वाईट

बंटी: वॉर्नरची पण अकरा कार्टून आहेत जी १९६८ पासून टीव्हीवर येतच नाहीत याच कारणामुळे. काही जुन्या डीव्हीडींवर आधी पाटी येते की हे तेव्हाही चूक होतं, आताही चूक आहे, पण कापलं तर असं काही नव्हतंच असं म्हटल्यासारखं होईल

काका: कलेला कात्री लावू नये. जसं आहे तसं दाखवावं.

ताई: काका मोठ्यांना दाखवा ना, पाटी लावून दाखवा, अभ्यास करा. पण सकाळी सात वाजता दात न घासता टीव्हीसमोर बसलेल्या पाच वर्षांच्या पोरीला पाटी वाचता येत नाही

काका: ते एक आहे.

दादा: मी आता शेजारी बसून बघतो. कापत नाही, पण असं काही आलं की तिला सांगतो. परवा म्हणाली, मग त्या मावशींचं तोंड का नाही दाखवत? मला उत्तर द्यायला वेळ लागला

आत्या: हुशार आहे पोरगी

मी: तिला सगळ्यात काय आवडतं?

दादा: रोडरनर, तो सुसाट पळणारा पक्षी. आणि ती कोल्ह्याच्या बाजूने आहे, कायोटीच्या. १९४९ पासून एकदाही पोट भरून जेवला नाही बिचारा, त्याला एकदा तरी पकडू द्या म्हणते. आणि शनिवारी सकाळी मीटीव्हीवर पोपाय लागलं, जुनं काळं-पांढरं, तर म्हणाली बाबा याचा रंग संपला. पण पोपाय जे पुटपुटत असतो ना सारखं, त्यावर लोळून हसत होती. तिला सांगितलं नाही की तो आवाजवाला, जॅक मर्सर, ते बरंचसं मनाने घालायचा

बंटी: आधी चित्रं व्हायची, मग आवाज, म्हणून तोंड न हलवता बोलतो तो

काका: शनिवारी सकाळची कार्टून ही अमेरिकेची परंपरा आहे ना. वाचलं होतं.

दादा: होती. मोठ्या चॅनलांवर ती २०१४ मध्ये संपली. केबलवर दिवसभर कार्टून मिळायला लागली आणि इकडे नियम आला की आठवड्याला तीन तास मुलांसाठी शैक्षणिक काहीतरी दाखवा, मग स्टेशनांनी शनिवारची सकाळ त्यातच घालवली, प्राण्यांचे डॉक्टर वगैरे

ताई: आपल्याकडे रात्री कार्टून संपून त्याच चॅनलवर जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे आठवतंय का? एकदम काळी-पांढरी बाई रडताना दिसायची आणि आपण समजायचो झोपायची वेळ झाली

मी: तेव्हापासून मला जुने हॉलिवूड सिनेमे बघितले की झोप येते, अजूनही

काका: लिंक पाठव चॅनलची.

दादा: काका लिंक नसते, अँटेनावर येतं, इथलं इथेच

काका: मग सांगितलंस कशाला.

वहिनी: मी पण हेच विचारलं

आत्या: व्हिडिओ कॉल लाव आणि फोन टीव्हीकडे कर. आम्ही बघतो

दादा: लावतो. फ्लिंटस्टोन्स सुरू होतंय पाच मिनिटांत. थांबा, पोरगी विचारतेय फ्रेडचा टाय खालून फाटलेला का आहे? बंटी, बोल

बंटी: मान झाकायला लागतो एवढंच आमच्या अभ्यासक्रमात आहे

आत्या: दगडाच्या कात्रीने कापलाय म्हणावं, अजून कसा दिसणार. लाव कॉल