मदत हवी आहे: 'पिकार्ड'च्या तिसऱ्या सीझनआधी जुने कोणते भाग दाखवू? (स्पॉयलर आहेत)

नमस्कार मंडळी. 'स्टार ट्रेक: पिकार्ड' ही अंतराळमालिका ज्यांनी पूर्ण पाहिलीय त्यांनीच पुढे वाचा, अगदी शेवटापर्यंतचं सगळं इथे येणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे मुलुंडला राहायला येतेय. नववीत आहे. गेल्या खेपेला तिने माझ्याबरोबर तिसऱ्या सीझनचा पहिला भाग पाहिला आणि सेव्हन ही जहाजावरची अधिकारी तिला भयंकर आवडली. पुढचे भाग मीच थांबवून ठेवलेत, कारण ते मला तिला आणि माझ्या बाबांना एकत्र बसवून दाखवायचेत. बाबा जुने चाहते. दूरदर्शनवर रविवारी सकाळी कर्क आणि स्पॉक बघायचे, मग लालबागच्या चाळीत केबल आल्यावर 'नेक्स्ट जनरेशन', म्हणजे पिकार्ड एंटरप्राइज जहाजाचा कॅप्टन असतानाची मालिका. ती मालिका संपली आणि त्यांचं स्टार ट्रेकही तिथेच थांबलं. नंतरचे सिनेमे नाहीत, 'डीप स्पेस नाइन' नाही, 'व्हॉयेजर' नाही. पिकार्ड, रायकर, वर्फ, डेटा ही सगळी मंडळी २०२३ साली पुन्हा एका टेबलाभोवती बसली, हे त्यांना अजून माहीतच नाही. मीही मुद्दाम सांगितलेलं नाही.

'नेक्स्ट जनरेशन'चे भाग आहेत १७८. सुट्टीत त्यातले फार तर वीसेक होतील. बाबांनाही नावं आठवतात, गोष्टी पुसट झाल्यात, म्हणजे त्यांच्यासाठीही ही उजळणीच. तर कोणते निवडू?

माझं म्हणणं असं आहे की परत आलेल्या पात्राला नुसतं ओळखायला एखादा भाग पुरतो, पण त्याचं परत येणं मनाला भिडायचं तर आधीची ताटातूट पाहिलेली असावी लागते. रो लॅरेनचंच घ्या. १९९१ च्या 'एन्साइन रो'मध्ये ती जहाजावर येते तेव्हा रायकर तिला आल्या आल्या कानातलं काढायला लावतो. आपल्याकडच्या कानातल्या वेलासारखं असतं ते, पाळीपासून वर साखळी गेलेली, आणि तिच्या बजोरन धर्माची ती खूण आहे. त्या भागाच्या शेवटी ती पिकार्डकडे ते घालायची परवानगी मागते आणि तो देतो. मग १९९४ मध्ये 'प्रीएम्प्टिव्ह स्ट्राइक', जिथे ती त्याचा विश्वास मोडून माकी या बंडखोर गटात निघून जाते. एकोणतीस वर्षांनी 'इम्पॉस्टर्स'मध्ये ती त्याच्यासमोर उभी राहते, दोघांनाही समोरचा माणूस खरा की त्याचं रूप घेतलेला परग्रही बहुरूपी याची खात्री नाही, आणि जाताना तेच कानातलं ती त्याच्या हातात ठेवते. मागचे दोन भाग पाहिलेच नसतील तर भाचीला काय दिसणार? एक अधिकारी आली, माहिती दिली, गेली. असं व्हायला नकोय मला.

तसंच तिसऱ्या सीझनमधल्या टायटन जहाजाच्या कॅप्टन शॉचं. पिकार्डशी तो इतका तुसडेपणाने का वागतो ते वुल्फ ३५९ च्या लढाईशिवाय कळत नाही, म्हणून 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'चे दोन्ही भाग हवेतच. बोर्ग हे शत्रू माणसांना पकडून अर्धयंत्र करून टाकतात; तसा बोर्ग झालेल्या पिकार्डमुळे ३९ जहाजं गेली आणि त्या लढाईतून जे वाचले त्यातला शॉ एक. जोडीला 'फॅमिली' घेतेय. डेटा या यंत्रमानवासाठी 'द मेझर ऑफ अ मॅन', त्याचा भाऊ लोर याच्यासाठी 'डेटालोर' आणि 'ब्रदर्स'. शेवटी 'ऑल गुड थिंग्ज'.

सिनेमांपैकी 'जनरेशन्स' दाखवावाच लागेल. बाबा माटुंगा वर्कशॉपात फिटर होते, रेल्वेचे डबे दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. एंटरप्राइज-डी पडताना त्यांनी पाहिली नाही, तर तिचा इंजिनिअर जॉर्डीने वीस वर्षं खपून, दुसऱ्या जहाजाची इंजिनं जोडून ती पुन्हा उभी केली याचं मोल त्यांना पुरतं कळणार नाही. तो हँगरमधला प्रसंग बघताना मला बाबांच्या शेजारीच बसायचंय.

खरी अडचण डेटाची आहे. 'नेमेसिस'मध्ये तो गेला. मग 'पिकार्ड'च्या पहिल्या सीझनच्या शेवटी, २०२० मध्ये, त्याने स्वतः पिकार्डकडे मरण मागितलं, कारण संपणारं असतं म्हणूनच आयुष्याला अर्थ असतो असं त्याचं म्हणणं. तो निरोप मला फार सुंदर वाटतो. आणि तिसऱ्या सीझनमध्ये तो पुन्हा परत येतो. मला त्याच्या येण्याचा आनंद झाला आणि त्या निरोपासाठी वाईटही वाटलं, अजूनही वाटतं. बाबांना पहिला सीझन दाखवू, की थेट तिसऱ्यावर नेऊ?

प्रतिसाद १

ताई, यादी चांगली आहे, पण एक मोठी गोष्ट राहिली. तिसऱ्या सीझनमधले बहुरूपी, म्हणजे चेंजलिंग, 'नेक्स्ट जनरेशन'मधले नाहीतच. ते 'डीप स्पेस नाइन'चे. त्यांची म्होरकी वॅडिक स्वतःची कथा सांगते खरी, पण चेंजलिंगांच्या साम्राज्याशी झालेलं डोमिनियन युद्ध ठाऊक नसलेल्याला तो सूड उसना वाटतो. सगळी मालिका नको. चौथ्या सीझनमधले 'होमफ्रंट' आणि 'पॅराडाइज लॉस्ट' हे जोडभाग दाखवा. चेंजलिंग पृथ्वीवर घुसलेत या भीतीने सख्ख्या नातलगांचंही रक्त तपासायची वेळ येते. हे पाहिलं की रो आणि पिकार्ड एकमेकांवर पिस्तुलं का रोखतात ते वेगळं सांगावं लागत नाही. 'फर्स्ट कॉन्टॅक्ट'ही घ्या, तिसऱ्या सीझनच्या शेवटी बोर्ग राणी आहे आणि ती त्या सिनेमात पहिल्यांदा आली. भाचीला सेव्हन आवडत असेल तर 'व्हॉयेजर'चा 'स्कॉर्पियन' तिला एकटीला दाखवा, ती पुढचं स्वतःच शोधेल.

प्रतिसाद २

पहिला सीझन पूर्ण गाळू नका ही कळकळीची विनंती. त्यातला 'नेपेन्थी' तरी हवाच. रायकर आणि ट्रॉय यांचं जंगलातलं घर, मुलगी केस्ट्रा आणि गेलेला मुलगा थॅड. तिसऱ्या सीझनमध्ये रायकर इतका कोरडा का झालाय, ट्रॉयशी त्याचं का बिनसलंय, त्याचं मूळ त्या घरात आहे.

डेटाबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. 'सरेंडर'मध्ये तो जिंकतो तो स्वतःजवळचं सगळं लोरला देऊन टाकून. एकेक आठवण देतो आणि त्यात स्पॉटही देतो, त्याची मांजर. लोर ते सगळं घेत जातो आणि घेता घेता डेटाच होऊन बसतो. ज्याने आधी मरण मागितलं त्यानेच हे करावं, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळा तो हातातलं सोडूनच देतो. मात्र स्पॉट कोण हे माहीत हवं, म्हणून 'डेटाज डे' यादीत घाला, ती पहिल्यांदा त्यातच दिसते. आणि २०२० चा निरोपही दाखवा. बाबा चिडले तर चिडू द्या, त्यांना तो हक्क आहे.

प्रतिसाद ३

'ऑल गुड थिंग्ज' अगदी तिसऱ्या सीझनच्या आदल्या संध्याकाळी ठेवा. सात वर्षांत पिकार्ड पहिल्यांदा पत्ते खेळायला बसतो तो प्रसंग ताजा असू द्या. एवढंच.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. चेंजलिंगचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, कारण मी 'डीप स्पेस नाइन' आधीच पाहिलं होतं. ते जोडभाग, 'नेपेन्थी' आणि 'डेटाज डे' यादीत घेतले. लोर आणि डेटाबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून 'सरेंडर' काल पुन्हा लावला. स्पॉटचा प्रसंग आता मला वेगळा दिसतो, पण २०२० च्या निरोपाबद्दलचं माझं वाईट वाटणं तसंच आहे. तो निरोप बाबांना नक्की दाखवणार आणि मग त्यांचं मत विचारणार.

भाचीने फोनवर विचारलंय की पहिल्या सीझनमधली नवी पात्रं एल्नॉर आणि सोजी तिसऱ्या सीझनमध्ये का नाहीत. नेटवर तिने त्यांची चित्रं पाहिलीत. जुन्यांना जागा करून देताना नव्यांना काढून टाकलं, असं तिला वाटतं, आणि मला तिचं म्हणणं खोडता येत नाही. तिच्यासाठी पहिल्या सीझनमधले आणखी एक-दोन भाग सुचवाल का, ज्यात ही दोघं चांगली दिसतात?