अभ्यासिका आणि कापडी पिशव्या: संस्था एक असावी की दोन?

प्रश्न (मानखुर्दची कार्यकर्ती)

मानखुर्दच्या आमच्या वस्तीत आम्ही अकरा जणी सहा वर्षांपासून दहावी-बारावीच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. भाडे, वीज आणि शिकवणाऱ्या दोन मुलींचे मानधन आजवर वर्गणी व ओळखीच्या देणगीदारांकडून निघत होते; यंदा एका देणगीदाराने हात आखडता घेतला आणि तीन महिन्यांचे भाडे थकले. आमच्यापैकी सहा जणींना शिवणकाम येते, म्हणून कापडी पिशव्या विकून अभ्यासिका चालवावी असे मनात आहे. नोंदणी अजून केलेली नाही. न्यास करावा की कलम 8 ची (नफ्यासाठी नसलेली, समाजकार्याची) कंपनी काढावी? सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी खर्च करायचा, निधी मिळू शकेल का?

प्रतिसाद (हिशेबनीस)

ताई, नोंदणीच्या आधी एक गोष्ट ठरवा: पिशव्यांचा नफा कोणाचा? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली वरळीच्या धर्मादाय आयुक्तालयात नोंदवलेला न्यास असो किंवा कंपनी कायदा 2013 मधील कलम 8 ची कंपनी असो, दोन्हींत नफा सभासदांना वाटता येत नाही. शिवणाऱ्या बायकांना मजुरीपलीकडे वाटा मिळावा असे वाटत असेल, तर त्यांचा बचत गट किंवा सहकारी संस्था वेगळी हवी. शिवाय शिक्षणासाठी काढलेल्या न्यासाने पिशव्यांचा धंदा केला, तर तो मूळ उद्दिष्टाला पूरक आहे का, असा प्रश्न आयकर खाते विचारू शकते, आणि पूरक मानला गेला तरी त्याच्या हिशेबाच्या वह्या स्वतंत्र ठेवाव्याच लागतात. म्हणून अभ्यासिकेचा न्यास वेगळा आणि पिशव्यांचा गट वेगळा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गटाने आपल्या कमाईतून न्यासाला देणगी द्यावी.

प्रतिसाद (लालबागचा रहिवासी)

वरील मताशी सहमत आहे. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जतचा उद्योग टिकला, कारण पापड लाटणारी प्रत्येक बहीण त्याची मालक होती. आमच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हाही सुरुवात खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यापासून झाली. दोन्हीकडे बाईची कमाई आधी आली. तुमच्या बेतात मात्र सहा जणींच्या श्रमावर अभ्यासिकेचे भाडे उभे राहणार आहे, याची मला काळजी वाटते. पिशवीची किंमत ठरवताना कापड, दोरा, मशीनची दुरुस्ती आणि वाहतूक यांच्याबरोबर शिवणारीच्या तासांचे पैसे धरा. ते धरून काही उरत नसेल, तर भाडे त्या बायकाच पदरमोड करून भरत आहेत असा त्याचा अर्थ होतो.

प्रतिसाद (निधी संकलनाचे काम करणारी)

सीएसआरविषयी सांगते. निधी थेट मिळवण्यासाठी नोंदणीकृत संस्था, आयकराच्या 12A (संस्थेला करसवलत) आणि 80G (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या, सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेने सरकारकडे भरायचा सीएसआर-1 अर्ज आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे यंदाचे थकलेले भाडे त्यातून फिटणार नाही. तोवर शिक्षणातच काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेचा उपक्रम म्हणून अभ्यासिका चालवता येईल का, हे पाहा, पण निर्णय कोण घेणार हे आधी लेखी ठरवा. पुढे कंपन्यांशी बोलण्याची वेळ आली की प्रशासकीय खर्चावरील 5 टक्क्यांची मर्यादा दाखवून भाडे-मानधन नाकारले जाऊ शकते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला लागू आहे. प्रकल्प चालवण्याचा थेट खर्च तिच्यात येत नाही. अभ्यासिकेत जागा आणि शिकवणारी माणसे हाच प्रकल्प आहे, हे अर्जात ठामपणे लिहा.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. शिवणाऱ्या सहा जणींना आम्ही मजुरीविषयी एकदाही विचारले नव्हते, हे हे सगळे वाचताना लक्षात आले. रविवारच्या बैठकीत पहिला विषय तोच घेऊ. थकलेल्या भाड्यासाठी घरमालकांकडे दोन महिन्यांची मुदत मागितली आहे.