मदत हवी आहे: अश्रू, लाळ, चीक आणि रोगप्रतिकारशक्ती (नववीचा प्रकल्प)

कोथरूडकरीण
नमस्कार मंडळी. लेकीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषय घेतलाय: प्राणी अंगातल्या स्रावांनी जंतूंशी कसे लढतात. अश्रू आणि लाळेतलं लायसोझाइम (जिवाणू फोडणारं विकर) तिला पुस्तकात सापडलं. आता तिला घरी बशीत जिवाणू वाढवून त्यावर आपली आणि शेजारच्या कुत्र्याची लाळ टाकून बघायची आहे. मला हे काही पटत नाहीये. दुसरं काय दाखवता येईल? आणि स्रावामुळे स्वतःचं रक्षण होतं हे समजलं, पण *दुसऱ्याची* प्रतिकारशक्ती वाढते असं एखादं उदाहरण आहे का? सासूबाईंचं उत्तर तयार आहे: खरवस. ते धरायचं का?

सूक्ष्मदर्शक
तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. घरच्या बशीत काय वाढेल याचा नेम नाही, ते करूच नका. कुत्र्याच्या लाळेत जंतू मारणारी द्रव्यं असतात, तसेच माणसाला बाधणारे जंतूही असतात, वर रेबीजची भीती. कुत्र्याची लाळ प्रकल्पातून बाद.

प्रयोग मेलेल्या जिवाणूंवर करा. मायक्रोकॉकस लायसोडेइक्टिकस या जिवाणूच्या वाळवलेल्या पेशी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. जीवशास्त्राच्या बाईंना शाळेतर्फे मागवायला सांगा. बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) कालवल्या की पाणी दुधाळ होतं. एका परीक्षानळीत बफरमध्ये पातळ केलेलं अंड्यातलं पांढरं घाला, दुसरीत नुसतं बफर. पहिली नळी बघता बघता निवळते, दुसरी तशीच गढूळ राहते. जिवाणूच्या पेशीभित्तिकेतल्या साखरेच्या साखळ्या लायसोझाइम तोडतं, म्हणून. ज्या जिवाणूंच्या भित्तिकेवर आणखी एक बाहेरचं आवरण असतं, त्यांच्यापुढे मात्र त्याचं एकट्याचं फारसं चालत नाही. परीक्षक हे हमखास विचारतात, तयारी करून ठेवा.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने त्याच्या आधी, १९२२ साली, लायसोझाइमचं वर्णन केलं. सुरुवात सर्दी झालेल्या नाकातल्या शेंबडापासून झाली. पुढे अश्रू हवेत म्हणून लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळणंही झालं. तक्त्यावर हे लिहा, मुलं थांबून वाचतात.

जुन्नरचा गोठेवाला
ताई, सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. खरवस ज्याचा करतात तो चीक, म्हणजे गाय व्यायल्यावरचं पहिलं दूध, हेच तुमचं उदाहरण, फक्त तो वासराचा, आपला नाही. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच वारेतून (नाळ जिला जोडलेली असते ती) आईची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, मिळतात, गाईच्या वारेतून ती जात नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ रिकाम्या हाताने. चिकातली प्रतिपिंडं त्याच्या आतड्यातून अख्खी रक्तात जातात, पण ते दार तासातासाने बंद होत जातं आणि साधारण २४ तासांत संपलं. म्हणून आम्ही पहिल्या दोन तासांत वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पाजायला बघतो. वार पडायची वाट बघत बसणारे अजून आहेत, त्यात वासराचं नुकसान होतं.

दाखवायला सोपं आहे. द्राक्षाची गोडी बघतो तो रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काचेवर चिकाचा थेंब टाकून झाकण लावा आणि उजेडाकडे धरून डोळा लावा. निळ्या-पांढऱ्याची रेघ २२ ब्रिक्सच्या (यंत्रावरचं माप) वर दिसली तर चीक चांगला. साधं दूध दहाच्या आसपास राहतं. आमच्याकडे द्राक्षवाल्या प्रत्येकाच्या खिशात हे यंत्र असतं.

खवचट पेठकर
म्हणजे खरवसाने काही होत नाही?

सूक्ष्मदर्शक
तोंडाला पाणी सुटतं. शिजवल्यावर प्रतिपिंडांचं काम संपतं, आणि मोठ्या माणसाचं आतडं तशीही ती पचवून टाकतं. वेलदोडा घालून खा, बाकी अपेक्षा नको.

कोथरूडकरीण, दुसऱ्याला वाचवणारे स्राव कीटकांतही आहेत. मुंगळ्यांच्या जातीतल्या एका अमेरिकन मुंगीला जिवाणूंची चाहूल लागली की ती तोंडातून सोबतिणींना जो थेंब भरवते त्याची जंतू मारायची ताकद वाढते. मेलेला उंदीर पुरून त्यावर पिल्लं वाढवणारे भुंगेरे आहेत. ते आपल्या गुदद्वारातून येणारा स्राव त्या मढ्याला फासतात, त्यातही लायसोझाइमसारखं काम करणारं द्रव्य असतं. त्यांना असं मढं मिळालं की त्या स्रावाची ताकद चढते, म्हणजे खर्च गरजेपुरताच. माझ्या मते प्रकल्पाचा मुद्दा हाच ठेवा: काही स्राव कायम पहाऱ्यावर असतात, काही गरज पडली की वाढवले जातात. नुसती यादी लावलेले तक्ते प्रत्येक टेबलावर असतात.

कोथरूडकरीण
खूप आभार! रिफ्रॅक्टोमीटर दिराकडे निघाला, नारायणगावला बाग आहे त्याची. चिकासाठी गोठेवाल्या दादांना व्यनि (खाजगी निरोप) केलाय. एकच अडचण, शाळेत अंडं आणायला परवानगी नाही.

सूक्ष्मदर्शक
मग लायसोझाइमची पांढरी पावडर मागवा, चिमूटभर पुरते.

खवचट पेठकर
ती कशातून काढतात?

सूक्ष्मदर्शक
बहुतेक अंड्यातूनच. शाळेला आधी विचारून घ्या.